रुबार्बचे देठ दरवर्षी बारीक होतायत? गड्डा उपटून फेकायच्या आधी हे बघा

रुबार्ब म्हणजे जाड, आंबट देठ खायची भाजी, एकदा लावली की वर्षानुवर्षं फुटणारी. आधी लक्षणं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी देठ बारीक व्हायला लागतात, सुरुवातीला अंगठ्यापेक्षा जाड होते ते आता पेन्सिलीएवढे, आणि उभे राहायच्या ऐवजी जमिनीवर लोळतात. एप्रिल-मेमध्ये झाडाच्या मधून एक जाड पोकळ दांडा सरसर वर येतो, टोकाला फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा गोळा, आणि तो आला की बाकीच्या देठांची वाढ थांबल्यासारखी वाटते. पानं भर मोसमात पिवळी पडतात. एखादा देठ हात लावताच निघून येतो आणि बुडाशी बघावं तर तपकिरी, बुळबुळीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे फेब्रुवारी संपला, शेजारच्या वाफ्यात लालचुटुक कोंब वर आले आणि आपल्याकडे नुसती ओली माती. यातलं एक जरी असेल तरी पुढचं वाचा, दोन-तीन एकदम असतील तर बहुतेक वेळा मूळ कारण एकच निघतं.

मी इंग्लंडमध्ये वेस्ट यॉर्कशायरला राहते, वेकफिल्डजवळ. वेकफिल्ड, मॉर्ली आणि रॉथवेल यांच्या मधल्या साधारण ९ चौरस मैलांच्या पट्ट्याला इथे रुबार्ब ट्रँगल म्हणतात, अंधाऱ्या शेडमध्ये वाढवून मेणबत्तीच्या उजेडात काढलेल्या इथल्या गुलाबी रुबार्बला २०१० मध्ये युरोपियन युनियनचा पीडीओ दर्जा मिळाला, आपल्याकडच्या जीआय टॅगसारखा. अकरा वर्षं अलॉटमेंटवरचा, म्हणजे भाजीपाला लावायला भाड्याने मिळणाऱ्या छोट्या जमिनीवरचा, वाफा कसतेय, आणि स्वतःच्या वाफ्यात, मैत्रिणींच्या बॅक गार्डनमध्ये, मराठी मंडळातल्या दोन-तीन घरी हाच बिघाड इतक्या वेळा निस्तरलाय की आता कोणी फोटो पाठवला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: शेवटचा देठ कधी काढलात?

कारण रुबार्बची भाजी होत असली तरी ते मेथी-कोथिंबिरीच्या जातीचं झाड नाही. जमिनीखाली सुरणासारखा जाड गड्डा असतो आणि उन्हाळाभर पानं जे कमावतात ते त्यात साठतं. मार्चमध्ये जे देठ फुटतात ते मागच्या उन्हाळ्याच्या साठ्यावर. देठ बारीक आले म्हणजे साठा आटला. मग तो आपण खाऊन संपवला, की भरलाच नाही, की आतून कुजला, एवढंच शोधायचं असतं. त्यामुळे दुकानात खत आणायला धावू नका, आधी फुकटातल्या गोष्टी बघून घ्या.

पहिलं: बिघाड खरंच आहे का?

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळी पानं पिवळी पडून आडवी झाली तर काही झालेलं नाही, झाड झोपायला चाललंय. थंडीत वर काहीच दिसत नाही, फक्त काळपट कागदी सालींचा चोथा आणि त्यात लाल डोळे, म्हणजे न उमललेले कोंब. हे बघून घाबरून गड्डा उकरणारे लोक मी पाहिलेत, नका करू.

लावल्यापासून पहिलं वर्ष असेल तर बारीक देठ हे नॉर्मल आहे. आणि देठ हिरवे आहेत म्हणून कच्चे आहेत असंही नाही. लाली जातीवर असते, व्हिक्टोरियासारख्या जुन्या जातीचे देठ बुडाशी लाल आणि वर हिरवेच राहतात, चवीला अगदी झकास असतात. लाल होण्याची वाट बघत बसलात तर ते फक्त जून होतील.

दुसरं: किती काढलेत आणि कसे काढलेत

माझ्याकडे आलेल्या निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षी एकही देठ काढायचा नाही. एकही. दुसऱ्या वर्षी थोडे, आठवड्यातून दोन-चार, तेही काही आठवडेच. तिसऱ्या वर्षापासून मोकळेपणाने, पण एका वेळी निम्म्यापेक्षा जास्त नाही, आणि जून संपला की हात आवरायचा. जुलैपासून पुढे जी पानं राहतात तीच गड्डा भरतात. आपण काय करतो, जुलैमध्ये भारतातून आई-बाबा येतात, त्यांना कौतुकाने दाखवायला चार देठ, मग मेथांबा चांगला झाला म्हणून अजून चार, ऑगस्टमध्ये जाम, सप्टेंबरमध्ये फ्रीजरसाठी. झाड प्रत्येक वेळी पुन्हा फुटतं म्हणून आपल्याला वाटतं त्याला चालतंय. ते साठ्यातून फुटत असतं, आणि दोन वर्षांनी पेन्सिली येतात.

देठ सुरीने किंवा कात्रीने कापू नका. कापल्यावर खाली जो बुंधा राहतो तो कुजतो आणि ती कूज आत गड्ड्यात उतरू शकते. देठ आतल्या बाजूने, जिथे चपटी खाच असते तिथे, अंगठा अगदी खालपर्यंत सरकवायचा आणि किंचित पिळ देऊन बाहेरच्या बाजूला ओढायचं. टक्क असा आवाज येतो आणि देठ त्याच्या फिकट गुलाबी पांढऱ्या टाचेसकट निघतो, बुडाशी थोडा जेलीसारखा चिकट पदार्थ असतो, तो असायचाच. असा पूर्ण निघाला की जखम स्वच्छ राहते. ओढताना शेजारचा न उमललेला कोंब तुटत नाही ना एवढं बघा, कारण तो पुढच्या महिन्याचा देठ आहे.

बादली किंवा डस्टबिन पालथी घालून जानेवारीत गुलाबी देठ काढले असतील, म्हणजे फोर्सिंग केलं असेल, तर त्या झाडाचे त्या वर्षी नंतर एकही देठ काढू नका आणि पुढच्या वर्षी त्याला झाकू नका. अंधारात वाढलेला प्रत्येक देठ निव्वळ गड्ड्यातून येतो, पानं काहीच परत देत नाहीत. इथले शेतकरी गड्डे दोन वर्षं उघड्या शेतात वाढवतात, थंडी खाऊ देतात, मग शेडमध्ये नेतात, आणि एकदा पीक काढलं की ते गड्डे टाकून देतात, इतके ते रिकामे होतात. आपल्याकडे एकच झाड असतं, त्याला दरवर्षी बादलीखाली घातलं तर ते टिकणार कसं.

आणि पानांबद्दल इथेच सांगून ठेवते, कारण हा प्रश्न मला आपल्याच लोकांकडून हमखास येतो. पान मोठं, हिरवंगार, अळूसारखं दिसतं, टाकवत नाही, अळूवडी किंवा फदफदं होईल का? नाही. अजिबात नाही. पानात ऑक्झॅलिक ॲसिड भरपूर असतं आणि ते विषारी आहे. अळूची खाज आपण चिंच घालून, नीट शिजवून घालवतो, तो उपाय इथे लागू पडत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये भाजीला पर्याय म्हणून ही पानं खाल्ली गेली आणि लोकांना विषबाधा झाली. फक्त देठ खायचा, पान वाफ्यातच तोडून कंपोस्टमध्ये टाकायचं, कंपोस्टला त्याचा काही त्रास होत नाही. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी देठसुद्धा डॉक्टरांना विचारूनच खावेत.

तिसरं: फुलाचा दांडा

दांडा दिसला की त्याच दिवशी बुडापासून काढा. शक्य असेल तर ओढून, जाड झाला असेल तर अगदी खालून कापून. हा दांडा पोकळ असतो, अर्धवट उंचीवर कापला तर ती नळी पावसाने भरते आणि पाणी थेट गड्ड्याच्या डोक्यावर जाऊन बसतं. बी धरायला झाड सगळा साठा लावतं म्हणून थांबायचं नाही. फुलं आली म्हणजे बाकीचे देठ विषारी झाले असं काही नाही, ते खाता येतात.

एखाद्या वर्षी एखादा दांडा आला तर विसरून जा. व्हिक्टोरियाला तशी सवयच आहे. पण दरवर्षी चार-पाच दांडे येत असतील तर झाड एकतर म्हातारं झालंय, गर्दी झालीये, किंवा पाण्याचा ताण बसतोय, त्यासाठी पुढचं बघा.

चौथं: बोटाने माती उकरा

ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि आपल्या मराठी लोकांनी तर ती नक्की करावी, कारण यामागे आपले हात आहेत. आपल्याला लहानपणापासून सवय काय, झाड लावलं की भोवती आळं करायचं. आणि बटाट्याला, उसाला लावतात तशी बुंध्याला माती चढवायची. कोकणातल्या नाहीतर देशावरच्या उन्हात ते बरोबरच आहे. यॉर्कशायरच्या चिकण मातीत, जिथे ऑक्टोबर ते मार्च पाऊस नुसता पिरपिरत असतो, तिथे आळं म्हणजे गड्ड्याच्या डोक्यावर बांधलेलं तळं. माझा पहिला गड्डा मी असाच घालवला. भोवती छान गोल आळं, मधे शेणखताचा ढीग, थंडीत उबदार राहील म्हणून. मार्चमध्ये बोट घातलं तर ते पेढ्यात शिरावं तसं आत गेलं आणि वास आला तो कुजलेल्या बटाट्याचा. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं होतं, कारण शेजारच्या वाफ्यावरच्या आजोबांनी तो गड्डा त्यांच्या जुन्या झाडातून काढून मला दिला होता.

तर बोटांनी, हत्याराने नाही, मधली माती आणि खत बाजूला करा. गड्ड्याचे डोळे, ते फुगीर लाल-गुलाबी कोंब, जमिनीच्या बरोबरीला किंवा किंचित वर दिसायला हवेत. मातीखाली चार-पाच बोटं गाडलेले असतील तर वरची माती काढून टाका, आळं मोडा, आणि उलट भोवती हलका उतार द्या म्हणजे पाणी बाहेर जाईल. शेणखत घालायचंच, पण बांगडीसारखं, मधे मोकळं ठेवून. नुसत्या एवढ्यावर सुधारलेली झाडं मी पाहिलीत, हेच आधी करा.

बोट घातल्यावर डोळा कडक लागला तर छान. मऊ लागला तर खाली कुजीचा भाग आहे तिकडे जा.

पाचवं: पाणी, खत, शेजारी

हे थोडक्यात, कारण हे लोक आपसूक करतातच, आणि बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त करतात. हिवाळ्यात निचरा हवा पण उन्हाळ्यात रुबार्बला कोरडं चालत नाही, पानं एवढी मोठी असतात की पाणी भराभर उडून जातं. मे-जूनमध्ये पाऊस ओढ देत असेल तर आठवड्यातून एकदा भरपूर, दोन कॅन तरी, रोज शिंपडा मारण्यात अर्थ नाही. खत म्हणाल तर थंडीच्या शेवटी चांगलं कुजलेलं शेणखत, आणि वसंतात ग्रोमोरसारखं साधं खत किंवा कोंबडखताच्या गोळ्या एक-दीड मूठ भोवतीने. रुबार्बला नत्राची भूक मोठी असते, इथले जुने शेतकरी लोकरीच्या गिरण्यांमधला टाकाऊ चुरा, त्याला शॉडी म्हणतात, शेतात टाकायचे कारण लोकर सावकाश कुजून नत्र देत राहते.

सावली आणि मोठ्या झाडाची मुळं हीपण कारणं असतात. कुंपणाच्या हेजला लागून लावलेलं रुबार्ब मी कधी जाड झालेलं बघितलं नाही. गवत गड्ड्यात घुसलं असेल तर हाताने काढा. पानांना भोकं पडली असतील तर गोगलगाई आहेत, रात्री टॉर्च घेऊन उचला, देठ बारीक व्हायचं ते कारण नाही. तण मारायचं औषध मात्र जवळपास फवारू नका, लॉनवर मारलेलं सुद्धा वाऱ्याने येतं आणि रुबार्ब रुंद पानांचं असल्यामुळे त्याला लगेच झोंबतं.

सहावं: कुंडीतलं रुबार्ब आणि उबदार जागा

कुंडी निदान ५० सेंटिमीटर रुंद आणि तितकीच खोल पाहिजे. त्याहून लहान कुंडीत देठ बारीकच राहणार, तिथे कितीही खत घालून उपयोग नाही. दुसरं म्हणजे कुंडी दया येऊन थंडीत कन्झर्व्हेटरीत (घराला जोडलेल्या काचेच्या खोलीत) किंवा गॅरेजमध्ये घेऊ नका. रुबार्बला थंडी लागते, काही आठवडे तापमान ५ अंशांच्या आसपास आणि खाली राहिलं तरच गड्ड्याची झोप पूर्ण होते आणि मग तो जोमाने फुटतो. एक मैत्रीण तीन वर्षं कुंडी आत घेत होती आणि तीन वर्षं रडत होती, चौथ्या वर्षी बाहेर भिंतीशी बर्फात ठेवली, मार्चमध्ये तिने पाठवलेल्या फोटोत कोंब मुठीएवढे होते.

याच कारणामुळे पुण्या-मुंबईहून कोणी विचारलं की गच्चीवर रुबार्ब वर्षानुवर्षं टिकेल का, तर मी नाही म्हणते. हिवाळ्यात तिथे गड्डा झोपतच नाही आणि एप्रिल-मेच्या उन्हात करपतो. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर एखाद्या पहाटे दव गोठतं हे खरं, पण एखादी पहाट पुरत नाही, आणि नंतरचा पाऊस गड्डा कुजवेल. तिथे आंबटपणासाठी चुकाच लावा, तो रुबार्बच्याच कुळातला आहे, चव घेतली की नातं लक्षात येतं. काष्ठौषधीच्या दुकानातली रेवाचिनी हीपण या घराण्यातल्याच हिमालयातल्या झाडाची मुळी. म्हणून कोणी बागेतल्या रुबार्बचं मूळ औषध म्हणून घरीच उगाळून घेऊ नये, तो वैद्यांचा विषय आहे.

सातवं: झाडाचं वय, म्हणजे गड्डा फोडणं

वरचं सगळं ठीक आहे, तरीही देठ खूप पण बारीक, मधला भाग उंच-काळा-लाकडासारखा आणि फुटवे फक्त कडेने, तर झाडाला पाच-सहा वर्षं झाली असणार आणि गड्डा फोडायची वेळ आलीये. पैसे लागत नाहीत पण कंबर लागते, म्हणून हे सातव्या नंबरवर.

वेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, झाड झोपलेलं असताना, आणि माती वाफशावर असताना. बर्फाने कडक झालेल्या किंवा चिखल झालेल्या मातीत खणू नका. फावड्यापेक्षा दातेरी फोर्क बरा, गड्ड्यापासून हातभर लांबून चारी बाजूंनी सैल करत या, एका दमात उचकटायला जाऊ नका, मुळं खोल जातात आणि थोडी तुटतात, तुटू द्या. चांगला वाढलेला गड्डा परातीएवढा निघतो आणि दोन माणसं लागतात.

आता डोळे कुठे आहेत ते बघा आणि धारदार फावड्याने वरून एक घाव. पहिल्यांदा जिवावर येतं, पण घाबरू नका. कापलेला भाग आतून पिवळा-केशरी, हळदीच्या ओल्या गड्ड्यासारखा आणि कडक दिसला की समजायचं तब्येत उत्तम. प्रत्येक तुकड्याला निदान एक जाड डोळा आणि बोटाएवढं जाड मूळ पाहिजे. तुकडे कडेचे घ्या, मधला लाकडी भाग कंपोस्टला. नवीन जागी, शक्यतो जिथे आधी रुबार्ब नव्हतं तिथे, शेणखत मिसळून, डोळा जमिनीच्या बरोबरीला ठेवून, दोन झाडांत ९० सेंटिमीटर ते १ मीटर अंतर. हे अंतर बघून सगळे म्हणतात जागा वाया जाते, तीन वर्षांनी तीच पानं एकमेकांवर चढतात. आणि हो, फोडलेल्या तुकड्यालाही पहिल्या वर्षी हात लावायचा नाही.

आठवं: कूज

मधला मुख्य डोळा सुरुवातीला कुजतो, कडेचे बारीक कोंब जगलेले असतात, त्यामुळे लोकांना वाटतं झाड जिवंत आहे, खत कमी पडतंय. आणि ते अजून खत घालतात, अजून पाणी. संशय आला की एक बाजू उकरून गड्ड्याला सुरीने छोटी चीर द्या. पिवळं-केशरी आणि कडक, तर ठीक. चॉकलेटी, मऊ, मधे पोकळी आणि वास, तर कूज. ही बुरशी किंवा जिवाणूंमुळे होते आणि घरच्या बागेत मारायला तिच्यावर औषध नाही. सगळा मऊ झाला असेल तर जीव घट्ट करून गड्डा आजूबाजूच्या मातीसकट काढा, कंपोस्टमध्ये नको, कौन्सिलच्या कचऱ्यात द्या, हत्यारं धुवा, आणि त्या जागी पुन्हा रुबार्ब लावू नका. एखादा कोपराच मऊ असेल तर मी कडक भागापर्यंत कापून, एक-दोन दिवस सावलीत कोरडा करून, दुसरीकडे गादीवाफ्यावर लावून बघते. काही वेळा वाचतं, बऱ्याचदा नाही, आणि ज्यांना खात्री हवी त्यांनी नर्सरीतून नवीन निरोगी गड्डाच आणावा. जातींपैकी टिंपरली अर्ली लवकर येतं, स्टॉकब्रिज ॲरोचे देठ लांब आणि लाल.

चिकण मातीत नवीन लावताना १५-२० सेंटिमीटर उंच गादीवाफा करा. मी गेली सात-आठ वर्षं असंच लावतेय आणि त्यानंतर माझ्या वाफ्यात एकही गड्डा कुजलेला नाही.

नववं: पानांचे विचित्र आकार

पानांवर पिवळे-हिरवे चट्टे, मोझेकसारखे, आणि झाड दरवर्षी थोडं थोडं खुरटतंय, तर व्हायरस असू शकतो. व्हायरसला उपाय नाही, आणि असं झाड फोडून मित्रांना वाटू नका, व्हायरस वाटला जातो. 

नवीन पानं पेल्यासारखी वळलेली, शिरा दाटलेल्या, आणि याच वर्षी बाहेरून घोड्याचं किंवा गाईचं खत आणलंय? मग त्या खतात तणनाशक आलंय का ते तपासा. कुरणातल्या डॉक नावाच्या तणावर अमिनोपायरॅलिड मारतात, ते गवत जनावर खातं, औषध पचत नाही, शेणातून तसंच बाहेर पडतं. डॉक हा रुबार्बचा आणि चुक्याचा भाऊबंदच, त्यामुळे जे त्याला मारतं ते याला सोडेल अशी आशा नको. तपासायची पद्धत स्वस्त आहे: एका कुंडीत ते खत मिसळलेली माती, दुसऱ्या कुंडीत नुसतं विकतचं कंपोस्ट, दोन्हीत ब्रॉड बीन्स किंवा वाटाणा पेरा, तीन-चार आठवडे थांबा. पहिल्या कुंडीतली पानं फर्नसारखी वळली तर ते खत वाफ्यावरून उचला आणि इतर भाज्यांनाही घालू नका.

कुठे थांबायचं

काही गोष्टी आपल्या हातातल्या नाहीत, त्या ओळखल्या की फावडं खाली ठेवा.

वसंतात रुबार्बजवळ जांभळट-लाल कोंब भराभर वर येतायत, काही आठवड्यांत बांबूसारखी पोकळ, जांभळ्या ठिपक्यांची खोडं आणि नागमोडी फांद्या, तर ते जॅपनीज नॉटवीड नावाचं चिवट तण असू शकतं. हेही याच कुळातलं आणि कोवळं असताना फसवतं. खणू नका, तोडू नका, कंपोस्ट किंवा ग्रीन बिनमध्ये टाकू नका, मुळाच्या छोट्या तुकड्यातून ते पुन्हा उगवतं आणि इंग्लंडमध्ये त्याची विल्हेवाट कशी लावायची याचे कायदे आहेत. अलॉटमेंट असेल तर कमिटीला कळवा, घर असेल तर नॉटवीड काढणारी सर्टिफाइड कंपनी बोलवा. यात पैसे वाचवायला जाऊ नये.

गड्ड्याच्या कडेला सालीखाली पांढरा कागदासारखा थर आणि मशरूमचा वास, आणि जवळचं झाड किंवा हेजही वाळतंय, तर हनी फंगस या झाडांची मुळं कुजवणाऱ्या बुरशीची शंका घ्या. ती जमिनीखालून पसरते. आरएचएसचे (रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी, इथली बागकामाची संस्था) मेंबर असाल तर त्यांच्या सल्ला सेवेला फोटो पाठवता येतात, नसाल तर झाडांचा चांगला तज्ज्ञ बघा, कारण प्रश्न मग एका रुबार्बचा राहत नाही, मोठं झाड पडण्याचा असतो.

हातभर खड्डा खणून त्यात पाणी ओता, दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच असेल तर गादीवाफा करून भागवता येईल. पण पाऊस नसतानाही खड्डा आपोआप भरतोय किंवा वास येतोय, तर खाली पाइप फुटलेला असू शकतो, तिथे प्लंबर किंवा पाणी कंपनीचं काम आहे.

आणि मुलाने किंवा कोणीही पान खाल्लं, तोंडात जळजळ, उलट्या, पोटात दुखतंय, तर घरगुती उपाय नको, उलटी काढायचा प्रयत्न नको. तोंड पुसून घ्या, उरलेलं पान सोबत ठेवा आणि लगेच १११ ला, म्हणजे इथल्या आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा. श्वासाला त्रास, झटके किंवा गुंगी असेल तर थेट ९९९ ला फोन करून ॲम्ब्युलन्स. किती पान खाल्लं आणि किती वाजता, एवढं आठवून ठेवा, पहिल्यांदा तेच विचारतात.